कामगार कपात : हाती किती पडते?

२४० दिवस. कपातीच्या भरपाईचा हिशेब या आकड्यापासून सुरू होतो. वर्षभरात एवढे दिवस भरले, की सलग एक वर्षाची नोकरी धरली जाते. २४० भरत आले की कामगाराला ‘ब्रेक’ द्यायचा, ही जुनी युक्ती त्याचसाठी.

१९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याने भरपाईचे सूत्र घालून दिले. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनेही ते कायम ठेवले : एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष मोजतात. म्हणजे १२ वर्षे ७ महिने नोकरी झालेल्या फिटरला १३ गुणिले १५, म्हणजे १९५ दिवसांचा पगार. ग्रॅच्युइटी वेगळी.

संहितेने त्यात पुनर्कौशल्य निधीची भर घातली : आणखी १५ दिवसांचा पगार, कपातीनंतर ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात. दुसऱ्या हाताने मात्र काढूनही घेतले. कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्यालाही लागे. आता ती मर्यादा ३०० झाली.

शेवटी लागलेला आधी जातो, हा सर्वसाधारण नियम.

टेबलावर पुढे सरकवलेल्या राजीनाम्यावर सही केली, की कागदोपत्री ती कपात उरत नाही. ठरावीक मुदतीचा करार संपला, तरी ती कपात नव्हे. पण अशा कामगाराला आता वर्षभराच्या नोकरीनंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे.