शेतातील यंत्रे, भाग ७ : ट्रॅक्टरचे आसन, पट्टा आणि रोल बार

ट्रॅक्टर उलटतो तो दोन तऱ्हांनी, आडवा किंवा मागे. त्याचा पुढचा ॲक्सल मधोमध एका पिनवर डुलतो. त्यामुळे चाके चार असली तरी तोल तीनच टेकूंवर उभा असतो, मागची दोन चाके आणि ती पिन. सेनगाव-औंढ्याकडच्या चढउताराच्या रानात बांध ओलांडताना एका बाजूचे मागचे चाक उंच चढले, की वजन या त्रिकोणाबाहेर जाते आणि ट्रॅक्टर कलंडतो.

मागे उलटण्याचा प्रकार याहून घातक आहे. वसमत भागातल्या काळ्या जमिनीत पावसानंतर मागची चाके रुतली आणि फिरेनाशी झाली, की इंजिनाचा जोर ट्रॅक्टरचे धडच ॲक्सलभोवती फिरवू लागतो. पुढची चाके उचलल्यापासून सुमारे पाऊण सेकंदात ट्रॅक्टर अशा टप्प्यावर पोचतो, जिथून तो परत खाली येत नाही. धोका ओळखून क्लच दाबायला माणसाला जवळपास तेवढाच वेळ लागतो, म्हणजे सावध चालकही यात सापडतो. म्हणून रुतलेल्या चाकापुढे लाकूड-दगड घालून रेटू नये, ट्रॅक्टर मागे घेऊन काढावा. टोचन करतानाही साखळी खालच्या ड्रॉबारलाच अडकवावी. ती वर, टॉप लिंकला बांधली तर ओढ लागताच पुढचा भाग उचलला जातो.

उलटणे दर वेळी टाळता येत नाही, पण त्यात चालक चिरडला जाणे टाळता येते. त्यासाठी आसनामागे उलट्या ‘यू’ अक्षरासारखी पोलादी कमान असते, तिला रोल बार म्हणतात. काही ट्रॅक्टरांना चार खांबांची चौकट किंवा बंद केबिन असते. काम एकच, ट्रॅक्टर पालथा झाला तरी चालकाभोवती जागा शिल्लक ठेवणे. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांना अशी चौकट सक्तीची केली. तिथे १९५७ साली ट्रॅक्टर उलटून दर लाख ट्रॅक्टरांमागे १७ मृत्यू होत होते. १९९० पर्यंत हे प्रमाण ०.३ वर आले. शेतीच्या यंत्रांत इतका फरक पाडणारी दुसरी वस्तू दाखवणे कठीण आहे.

चाचणी झालेला रोल बार ठरावीक बेताने वाकतो आणि वाकताना धक्का पचवतो. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात पाइप वाकवून केलेली कमान दिसायला तशीच असते, पण ती कुठे मोडेल याचा भरवसा नाही. मूळ कमानीलाही दिवा किंवा टेपसाठी भोके पाडू नयेत, वेल्डिंग करू नये. एकदा ट्रॅक्टर उलटला की ती सरळ करून न वापरता बदलावी. उन्हासाठी बसवलेले पत्र्याचे छत म्हणजे रोल बार नव्हे. हा गैरसमज सर्रास आढळतो आणि तो जिवावर बेततो.

पट्ट्याचा नियम कमानीवर अवलंबून आहे. रोल बार उभा असेल तर पट्टा बांधलाच पाहिजे, नाहीतर चालक आसनावरून फेकला जाऊन त्याच कमानीखाली सापडतो. रोल बार नसेल, किंवा झाडांखालून जाण्यासाठी आडवा पाडलेला असेल, तर मात्र पट्टा बांधू नये. तो चालकाला यंत्राखाली जखडून ठेवतो. शर्यतीच्या ट्रॅकवर हौसेने मोटार चालवणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू आहे. तिथे खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्यांनी अंग ताठ बांधले आणि डोक्यावर लोखंडी पिंजरा नसला, तर छत दबताना चालकाला बाजूला झुकता येत नाही. म्हणून आसन, पट्टा आणि पिंजरा एकत्रच निवडतात. जुना ट्रॅक्टर घेताना नुसता पट्टा शिवून घेणे त्यामुळे चुकीचे ठरते.

आसनाकडे खरेदीच्या वेळी सर्वांत कमी लक्ष जाते. ट्रॅक्टरच्या मागच्या ॲक्सलला सहसा स्प्रिंग नसते, त्यामुळे ढेकळांचा दणका टायर आणि आसन एवढ्यांनीच झेलायचा असतो. सेकंदाला ४ ते ८ हेलकाव्यांचे उभे कंपन पाठीच्या कण्याला सर्वांत जास्त जाचते, आणि नांगरटीत शरीराला मिळणारे हादरे त्याच्या आसपासचेच असतात. चांगल्या आसनाला वजनाप्रमाणे फिरवायची मूठ असते. ८० किलोच्या बापासाठी लावलेल्या आसनावर ५५ किलोचा मुलगा बसला, तर स्प्रिंग दबतच नाही. उलट झाले तर आसन तळाला आपटते. चालक बदलला की ही मूठ फिरवावी. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला आणि पाठ टेकलेली राहील, इतके आसन पुढे-मागे करावे. फोम फाटला की त्यावर पोत्याची घडी टाकण्याची रीत आहे. ती घडी सरकते, अंग पट्ट्याखालून घसरते आणि कमरेच्या हाडावर बसायचा पट्टा पोटात रुततो. त्यापेक्षा आसनच बदलावे, आणि बदलताना त्याचे व पट्ट्याचे बोल्ट मूळ जागीच बसवावेत.

हे सारे संरक्षण एकाच माणसासाठी असते. मडगार्डवर बसलेल्याला ना पट्टा, ना कमान. ट्रॉली तर मालासाठीच असते, माणसे वाहण्याची तिला परवानगी नाही. ४ एप्रिल २०२५ रोजी सकाळी वसमत तालुक्यातल्या गुंज येथील महिला मजुरांना शेतावर नेणारा ट्रॅक्टर नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात ट्रॉलीसह विहिरीत कोसळला आणि सात महिलांचा मृत्यू झाला. हळद काढणीचा खर्च मांडताना मजुरांसाठी वेगळ्या गाडीचे भाडे त्यात धरावे, आणि वाटेलगतच्या विहिरींना हंगामापूर्वी कठडा बांधून घ्यावा.