पापड उलटा सरळ झाला तर?

गच्चीवर वाळत घातलेला पापड थोड्या वेळाने कडा उचलू लागतो. वरची बाजू आधी सुकून आक्रसते, खालची ओलीच असते. उन्हाने हलणाऱ्या मऊ पदार्थांचा विषय निघाला की मला हा पापड आठवतो. लोक मात्र भलतंच धरून बसतात.

‘आत छोटं सोलर पॅनेल असणार.’ नाही. वायर नाही, मोटरही नाही. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिमिन हे यांच्या गटाने 2019 मध्ये मांडलेला ‘सनबॉट’ घ्या. पाण्यात उभी, मिलिमीटरहून बारीक जेलची काडी. आत सोन्याचे अतिसूक्ष्म कण. उजेडाने कण तापतात. त्या बाजूचं जेल साधारण 32 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की पोटातलं पाणी सोडून आक्रसतं आणि काडी उजेडाकडे झुकते. ऊन गेलं की पाणी परत पिऊन सरळ होते. पापडाला हे कुठलं जमायला!

‘मग ऊन असेतो वाकतच राहील.’ खरी गंमत इथे आहे. टोक उजेडाच्या रेषेत आलं की त्याची सावली वाकलेल्या भागावर पडते. तो भाग निवतो, फुगतो, काडी जराशी मागे येते. पुन्हा ऊन लागतं, पुन्हा वळते. असा नेम धरून राहते, तोही कुठल्या सेन्सरशिवाय.

‘सूर्यफुलासारखंच की!’ दिसायला. कोवळं सूर्यफूल खोडाची एक बाजू जास्त वाढवून वळतं. इथे एक बाजू आखडते. शिवाय पूर्ण उमललेलं सूर्यफूल वळणं सोडून पूर्वेकडेच तोंड करून राहतं.

‘उजेड ढकलत असेल.’ ढकलतो, पण चौरस मीटरभर उन्हाचा तो रेटा जेमतेम अर्ध्या मिलिग्रॅमच्या वजनाइतका. डाससुद्धा त्याहून जड.

‘शेवटी उष्णताच ना?’ इथे होय, सगळीकडे नाही. अझोबेंझिनचा काठीसारखा रेणू अतिनील किरणांनी कोपरात वाकतो आणि तो ज्यात गुंफलेला असतो त्या पातळ फिल्मलाही वाकवतो. 2008 मध्ये जपानी संशोधकांनी अशा फिल्मचा पट्टा चाकांवर फिरवून दाखवला. मात्र उन्हात अतिनील भाग थोडाच, म्हणून असे प्रयोग बहुधा दिव्याखाली होतात.

‘मग विहिरीवरचा पंप चालवा!’ एवढा जोर यात नाही. सनबॉटचं काम वेगळं: ऊन उभ्या रेषेपासून 75 अंश कललं की आडव्या पृष्ठभागाला त्याचा जेमतेम चौथा हिस्सा मिळतो. उन्हाकडे तोंड वळवणाऱ्या काड्यांना उरलेले तीन हिस्से हवे आहेत.