मोरीतून सरीपर्यंत : गोबरगॅसच्या स्लरीचा परिचय

गोठ्यातून बाहेर पडणारा निचरा, म्हणजे शेण, गोमूत्र, गव्हाणीतून सांडलेली वैरण आणि फरशी धुतलेले पाणी यांचे मिश्रण, सामान्यतः घाण म्हणून मोरीवाटे वाहून जाते. पण जनावराने खाल्लेल्या चाऱ्यातील नत्राचा दुधात उतरलेला अंश वजा केला, तर उरलेले बहुतेक नत्र याच निचऱ्यात असते. त्याची दोन रूपे असतात. गोमूत्रातील नत्र मुख्यतः युरियाच्या रूपात असल्याने फरशीवरील जिवाणू काही तासांतच त्याचा अमोनिया करतात आणि तो हवेत उडून जातो. सकाळी बंद गोठ्याचे दार उघडताच नाकाला जो झोंबतो तो वास म्हणजे हे निसटते खतच होय. याउलट शेणातील बरेचसे नत्र प्रथिनांत आणि जिवाणूंच्या मृत पेशींत अडकलेले असल्याने पिकाला ते लगेच मिळत नाही. एक नत्र फार लवकर सुटते, दुसरे फार सावकाश, आणि उघड्या उकिरड्यावर या दोहोंपैकी कशावरच शेतकऱ्याचे नियंत्रण राहत नाही.

हे दोन्ही प्रवाह एका बंद भांड्यात अडवण्याचे काम गोबरगॅस संयंत्र करते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९३९ मध्ये एस. व्ही. देसाई यांनी शेणापासून गॅस मिळवण्याचे प्रयोग केले, १९५१ मध्ये जशभाई पटेल यांनी तरंगत्या टाकीचे ‘ग्रामलक्ष्मी’ संयंत्र सिद्ध केले आणि मुंबईत मुख्यालय असलेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६० च्या दशकाच्या आरंभापासून त्याचा प्रसार केला. जमिनीत विहिरीसारखी बांधलेली टाकी, तिच्यात पालथी तरंगणारी लोखंडी टोपी, एका बाजूला शेण कालवण्याचे कुंड आणि दुसऱ्या बाजूला स्लरी, म्हणजे पचून उरलेले पातळ मिश्रण, बाहेर पडण्याची वाट, एवढीच त्याची रचना आहे. गॅस साठला की टोपी मधल्या नळीच्या आधाराने वर चढते आणि चूल पेटली की हळूहळू खाली बसते. पुढे १९८४ मध्ये आलेल्या ‘दीनबंधू’ नमुन्यात गंजणाऱ्या टोपीऐवजी जमिनीखालचा पक्का घुमट असतो.

टाकीतील काम एकाच जातीचे जिवाणू करीत नाहीत. पहिला गट तंतुमय पदार्थ, स्निग्धांश आणि प्रथिने फोडून विद्राव्य करतो. दुसरा त्यांची सेंद्रिय आम्ले बनवतो. तिसरा त्या आम्लांपासून मुख्यतः ॲसिटिक आम्ल, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतो आणि शेवटी मिथेनजनक सूक्ष्मजीव त्यातून मिथेन काढतात. हे शेवटचे जीव बोलताना जिवाणूंत गणले जात असले, तरी शास्त्रीय वर्गीकरणात ते ‘आर्किया’ या वेगळ्या गटातले आहेत. प्राणवायू त्यांना विषासारखा असतो, थंडीत ते मंदावतात आणि त्यांची वाढ इतकी संथ असते की पहिल्या गटांनी आम्ले भराभर केली, तर ती संपवणे त्यांना जमत नाही, टाकी ‘आंबट’ होते आणि गॅस थांबतो.

शेणातील कार्बनचा काही भाग गॅसच्या रूपाने निघून जातो, प्रथिनांतील नत्र मात्र अमोनियम होऊन द्रवात उतरते आणि झाकलेल्या टाकीत उडण्यास वाव नसल्याने तेथेच राहते. स्फुरद आणि पालाशही जवळजवळ जसेच्या तसे शिल्लक राहतात. तेव्हा जिवाणू खत ‘निर्माण’ करतात हे म्हणणे सैल आहे: ते नत्राचे रूप पालटतात, त्यात भर घालत नाहीत. गॅस आणि स्लरी यांचे प्रमाण एका लहान उदाहरणातून ध्यानात येते. पाच जनावरांचे दिवसाचे सुमारे ५० किलो शेण तेवढ्याच पाण्यात कालवून टाकीत सोडले, तर सुमारे २ घनमीटर गॅस मिळतो आणि त्याचे वजन अडीच किलोच्या आत भरते. म्हणजे आत गेलेल्या १०० किलोंपैकी ९७ किलोंहून अधिक माल स्लरी म्हणून बाहेर येतो. संयंत्राची ख्याती ज्योतीमुळे झाली, पण त्याचे खरे उत्पादन मागच्या दाराने निघते.

कुंडातील कालवण फार पातळ असता कामा नये, आणि मोठ्या गोठ्यांची अडचण येथेच येते. शेणपाणी समप्रमाणात असता घनांश आठ ते दहा टक्के राहतो. परंतु नळीने मोकळ्या हाताने फरशी धुतली, तर तो झपाट्याने घटतो, पचनासाठी गृहीत धरलेली मुदत भरण्यापूर्वीच द्रव टाकीबाहेर पडतो आणि संथ वाढणारे मिथेनजनक जीव त्याबरोबर वाहून जातात. फिनाइलचे पाणी आणि औषधोपचार चालू असलेल्या जनावराचे शेणही या जीवांना मारक ठरू शकत असल्याने कुंडापासून दूर ठेवावे लागते.

महाराष्ट्रात जिवाणू स्लरी म्हटले की अनेकांना गोबरगॅसऐवजी जीवामृत आठवते. अमरावती जिल्ह्यातील सुभाष पाळेकर यांनी प्रचारात आणलेल्या कृतीत २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, प्रत्येकी २ किलो गूळ व बेसन आणि बांधावरची मूठभर माती घालून सुमारे दोन दिवस आंबवले जाते. मात्र एकराला पुरवायच्या या मिश्रणातील एकूण नत्र पाव किलोच्या आसपासच भरते, म्हणून त्याचा दावा अन्नद्रव्यांचा नसून जमिनीतील सूक्ष्मजीव जागवण्याचा आहे. गोठ्याच्या निचऱ्याची विल्हेवाट हा त्याचा विषयच नव्हे, कारण त्यात एका गाईचे जेमतेम एका दिवसाचे शेण खपते.

टाकीत राखलेले अमोनियम नत्र बहुतेक ठिकाणी टाकीबाहेरच गमावले जाते, कारण वाहतुकीच्या सोयीसाठी स्लरी खड्ड्यात उन्हाने वाळवली की त्यातील बराच भाग अमोनिया होऊन उडतो आणि हाती काळी, हलकी, बरीच निःसत्त्व ढेपळे उरतात. हीच स्लरी पाटाच्या पाण्याबरोबर सरीत सोडून लगेच मातीआड केली, तर मातीतील नायट्रोसोमोनास जिवाणू अमोनियमचे नायट्राइट आणि नायट्रोबॅक्टर त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. पण स्लरीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असल्याने ती दूरच्या शिवारात नेणे परवडत नाही. तरीही गुजरातमधील आणंद जिल्ह्यातील झकरियापुरा गावी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने घरोघरी लहान संयंत्रे बसवून पशुपालक स्त्रियांकडून उरलेली स्लरी विकत घेण्याची पद्धत सुरू केली. तेथे स्लरीचा दर तिच्या प्रतीवर ठरतो, म्हणजे दूध जसे फॅट पाहून मोजले जाते तशीच स्लरीही पाहून घेतली जाते, आणि कालवणात जास्त पाणी ओतणाऱ्या घराला त्याची किंमत दरातच मोजावी लागते.