छोट्या मोटारींचे रंगकाम : एअरब्रश घेताना आणि चालवताना

दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची नक्षी, सिनेमाचे फलक या कामांवर आपल्या शेकडो पेंटर बांधवांची घरे चालत होती. ही कामे आधी विनाइल कटिंगने नेली आणि मग फ्लेक्सच्या छपाईने. हातात हुन्नर असूनही अनेक उस्ताद बसून राहिले, काहींनी मुलांना दुसऱ्या धंद्यात घातले. अशा बांधवांना आणि रंगाची आवड असलेल्या तरुणांना एका बारीक कामाची ओळख करून द्यावी, म्हणून हा लेख.

हे काम छोट्या नमुना-मोटारींच्या रंगाचे आहे. मॅटेल कंपनीने १९६८ साली अमेरिकेत 'हॉट व्हील्स' बाजारात आणल्या. त्यांचे प्रमाण साधारण १:६४ असते, म्हणजे गाडी जेमतेम सात सेंटीमीटरची. १:४३, १:२४ आणि १:१८ या मापांच्या गाड्याही मिळतात. त्या जमवणारे शौकीन आता आपल्या शहरांतही आहेत. कुणाला कारखान्याचा रंग उतरवून मनाजोगता रंग हवा असतो, तर कुणाला वडिलांच्या जुन्या गाडीच्या रंगाची हुबेहूब प्रतिकृती. हे काम डब्याच्या स्प्रेने नीट होत नाही, कुंचल्याने तर नाहीच. त्याला एअरब्रश लागतो.

एअरब्रश नवा नाही. अमेरिकेतील आयोवा राज्यात अ‍ॅबनर पीलर यांनी १८७० च्या दशकाच्या अखेरीस त्याचे पहिले रूप तयार केले. पेनासारखी पकड, आत सुई, पुढे बारीक नोझल आणि मागून येणारी हवा, एवढाच त्याचा कारभार.

कोणता घ्यावा?

पहिला प्रश्न सिंगल अ‍ॅक्शन की डबल अ‍ॅक्शन? सिंगलमध्ये खटका दाबला की हवा आणि रंग एकदम येतात, रंगाचे प्रमाण मागच्या स्क्रूने आधीच ठरवावे लागते. डबलमध्ये खटका खाली दाबला की हवा येते आणि मागे ओढला की रंग. शिकायला दोन आठवडे जास्त लागतील, पण रोजीसाठी घ्यायचा तर डबल अ‍ॅक्शनच घ्यावा.

दुसरा प्रश्न रंगाच्या वाटीचा. वाटी वर असेल तर रंग वजनाने खाली उतरतो, कमी दाबावर चालतो आणि थेंबाथेंबाचा उपयोग होतो. बाटली खाली लटकणारा प्रकार मोठ्या कामाला बरा. छोट्या गाडीसाठी वरची वाटी सोयीची.

तिसरा प्रश्न सुईचा. ०.२ मिलिमीटर बारीक रेषेसाठी, पण ती लवकर तुंबते आणि मेटॅलिक रंगाचे कण तिच्यात अडकतात. ०.५ प्रायमर व क्लिअरसाठी आणि १:१८ सारख्या मोठ्या बॉडीसाठी उपयोगी. एकच घ्यायचा तर ०.३ घ्यावा.

बाजारात स्वस्त चिनी माल आहे आणि इवाता, हार्डर अँड स्टीनबेक, बॅजर, पाशे अशी जुनी नावेही आहेत. किमतीत कित्येक पटींचा फरक आहे. हात बसवायला स्वस्त घेण्यास हरकत नाही. मात्र खरेदीपूर्वी दुकानदाराला दोन गोष्टी विचाराव्यात : सुटे नोझल आणि सुई मिळते का, आणि आतली सील थिनरला टिकणाऱ्या टेफ्लॉनची आहे का? साध्या रबराची रिंग थिनरने फुगते. नोझल हा सर्वात नाजूक भाग आहे. तो मिळाला नाही तर महागाचा एअरब्रशही कपाटात पडतो.

हवेचा बंदोबस्त

टाकी असलेला छोटा कॉम्प्रेसर घ्यावा. टाकीशिवाय हवा धक्क्याधक्क्याने येते आणि रंगावर ते उमटते. दाब कमी-जास्त करणारा रेग्युलेटर आणि पाणी अडवणारा ट्रॅप हवाच. गॅरेजचा कॉम्प्रेसर चालेल, पण त्याच्या हवेतले तेल अडवणारा फिल्टर लावावा. आपल्याकडे गॅरेजवाले हवा 'किलो'त मोजतात. या कामाला एक ते दीड किलो, म्हणजे सुमारे १५ ते २० पीएसआय पुरते.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात लॅकरच्या रंगावर पांढरट धुके धरते, कारण थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि त्यावर हवेतली ओल बसते. अशा दिवशी सावकाश उडणारा थिनर वापरावा किंवा कोरड्या दिवसाची वाट पाहावी.

रंग देताना

आम्ही कापडवाले. कापडात रंग मुरतो, पण धातूवर तो फक्त वर बसतो. म्हणून तयारी हेच अर्धे काम. या गाड्यांची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते. गाडी खोलून प्लॅस्टिक, काच, चाके बाजूला काढावीत. पेंट रिमूव्हरने जुना रंग उतरवावा. साबणाने धुऊन, वाळवून मग बोट लावू नये, हाताच्या तेलाने रंग सुटतो. त्यावर प्रायमर : गडद रंगाखाली राखाडी, लाल-पिवळ्याखाली पांढरा.

रंग दुधाइतका पातळ करावा. बहुतेक रंगांना समभाग थिनरपासून सुरुवात करून प्लॅस्टिकच्या चमच्यावर चाचणी घ्यावी. हात बॉडीच्या बाहेरून सुरू करून बाहेरच संपवावा. आधी हवा, मग रंग, आणि थांबताना आधी रंग बंद, मग हवा. अंतर पाच ते आठ सेंटीमीटर. फार लांबून मारले तर पृष्ठभाग खरखरीत होतो, फार जवळून मारले तर ओघळतो. संत्र्याच्या सालीसारखा दिसला तर रंग जाड आहे किंवा दाब कमी आहे.

पहिला थर धुक्यासारखा द्यावा. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा थोडा ओला. थर जाड झाला की दरवाजा आणि बॉनेटच्या बारीक फटी भरून जातात आणि गाडी खेळण्यासारखी दिसते. खऱ्या गाडीचा मेटॅलिक रंगही सात सेंटीमीटरच्या गाडीवर भरड दिसतो, तेव्हा बारीक कणांचा रंग शोधावा. इनॅमलवर लॅकर देऊ नये, सुरकुत्या पडतात. चिकटपट्टीची कडा नखाने दाबून बसवावी. स्टिकर-डेकल क्लिअरच्या आधी लावावेत. क्लिअर पुरता वाळल्यावर २००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासून पॉलिश करावे.

प्रत्येक रंगानंतर वाटी धुऊन थिनर फवारावा. वाटीत बुडबुडे आले तर नोझल सैल आहे किंवा त्याला चीर गेली आहे. नोझल आवळताना जोर लावू नये. सबंध एअरब्रश रात्रभर थिनरमध्ये बुडवून ठेवू नये.

छातीची काळजी

हा मुद्दा आम्ही मुद्दाम वेगळा लिहीत आहोत. तोंडाला रुमाल बांधून थिनरची वाफ अडत नाही. सेंद्रिय वाफेसाठीचे काडतूस असलेला मास्क लागतो, शिवाय वाफ बाहेर फेकणारा पंखा. स्पार्क होणारे बटण किंवा शेगडी जवळ नको. हार्डनर मिसळायच्या दोन भागांच्या क्लिअरमध्ये आयसोसायनेट असते. त्याने कायमचा दमा जडू शकतो आणि त्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. ती सोय नसेल तर हे क्लिअर वापरूच नये, साधे लॅकर क्लिअर पुरते. ज्या एका खोलीत बायकामुले झोपतात, तिथे रंगकाम करू नये. कमावत्या माणसाची छाती बिघडली तर सारे घर बसते.

हिशोब आणि अमानत

दर ठरवताना अनेक कारागीर फक्त रंग मारण्याची मिनिटे धरतात. फवारणी थोडा वेळच चालते. खोलणे, उतरवणे, वाळवणे, घासणे, जोडणे यांत खरे तास जातात, ते धरावेत. कापडात आपण नमुना मंजूर झाल्याशिवाय ताका रंगवत नाही, तसे इथेही चमच्यावर रंग दाखवून होकार घ्यावा आणि निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी.

पुन्हा रंगवलेली गाडी मूळ म्हणून विकू नये. जमवणाऱ्यांच्या बाजारात मूळ रंगाला वेगळी किंमत असते, म्हणून फेररंगाची गोष्ट आधीच सांगावी. धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल पकडल्याची हदीस प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. वरच्या चकचकीत थराखाली काय आहे हे ग्राहकाला सांगणे हीच आपली दुकानदारी.

सुरुवात दहा जुन्या, मोडक्या गाड्यांवर करावी. त्यांतली दहावी दाखवण्याजोगी झाली की पहिली ऑर्डर घ्यावी. बसलेल्या उस्तादांनी एखादा शागीर्दही सोबत घ्यावा. हात शाबूत असेल तर इन्शाअल्लाह हलाल रोजीची एक नवी वाट यातून निघेल.