आधी मोजा, मग खणा

होळीच्या सुमारास वर्धा जिल्ह्यातला पळस पेटतो. झाडावर एक पान नसतं. काळसर, मखमली देठांवर पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली केशरी फुलं, आणि त्यांवर सकाळपासून पळसमैना, सूर्यपक्षी, कोतवाल, बुलबुल यांची झुंबड. हे पाहायला तिकीट लागत नाही की जिप्सी. तरीही जिल्ह्यात वन्यजीव म्हटलं की बोरचंच नाव निघतं. १९७० सालचं हे अभयारण्य २०१४ मध्ये व्याघ्रप्रकल्प झालं, तेव्हा देशातला सर्वांत लहान. त्याचं कौतुक रास्तच आहे. पण बोरचा गाभा सुमारे १३८ चौरस किलोमीटरचा, आणि जिल्हा ६,३०० चौरस किलोमीटरचा. म्हणजे सव्वादोन टक्केही नाही. बाकीच्या जिल्ह्यात थोडं जंगल, आणि मग वावरं, धुरे, पांदणी, नाले आणि गवताचे माळ. व्याघ्रप्रकल्पाबाहेरच्या या मुलखाकडे लक्ष द्यायला गावकरी आणि स्वयंसेवक यांच्याखेरीज फारसं कोणी नाही.

स्वयंसेवक म्हटला की डोळ्यांसमोर कुदळ-फावडं येतं, आणि वर्ध्याला ते शोभतंही. २०१७ च्या जलसंधारणाच्या ‘वॉटर कप’ स्पर्धेत पहिलं आलेलं काकडदरा हे आर्वी तालुक्यातलं कोलामांचं छोटंसं गाव. भर उन्हाळ्यात तिथल्या माणसांनी जे श्रमदान केलं त्याला तोड नाही. पण कुदळीआधी नोंदींची वही हवी; का, ते नीलपंखाकडे पाहून कळतं. २०१८ मध्ये बहार नेचर फाउंडेशन या संस्थेने वर्ध्याचा शहरपक्षी ठरवायला चक्क निवडणूक घेतली आणि नीलपंख निवडून आला. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो हा पक्षी तारेवर बसला की मातकट, सुस्त दिसतो. नाकतोड्यावर झेपावला की पंखांतली निळाई एकदम उघडते. पुढे २०२३ मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल आला. सुमारे तीस हजार पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर तो बेतलेला आहे, आणि त्यात नीलपंखांची संख्या दहा-बारा वर्षांत तीस टक्क्यांच्या आसपास घटल्याचं दिसलं. ही घट नुसत्या डोळ्यांना कळणारी नव्हती. रस्त्याने दहा दिसायचे तिथे सात दिसले तरी माणूस ‘आहे की’ म्हणून पुढे जातो.

हौशी माणसांच्या नोंदींवर विसंबायचं कसं, ही शंका रास्त आहे. नवखा माणूस चुकतो, शिकऱ्याला पावशा म्हणतो. पण एकाच पांदणीवर, एकाच पंधरवड्यात, दरवर्षी तितकाच वेळ मोजणी केली तर चुकाही दरवर्षी साधारण सारख्याच होतात; आकडा नेमका नसला तरी त्याचा चढ-उतार खरा निघतो. फाल्गुन त्यासाठी उत्तम. पानगळ झालेली, उत्तरेचे पाहुणे अजून पुरते परतलेले नाहीत आणि इथल्या पक्ष्यांची घरट्यांची लगबग सुरू झालेली. दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा, आणि तो जास्त जड आहे: रोही आणि रानडुक्कर पीक लोळवतात, वर आम्ही पाखरं मोजायची? या नुकसानीला भरपाई आणि बंदोबस्त हेच उत्तर. नीलपंख किडे खातो म्हणून पीक वाचेल, अशी खोटी आशा दाखवण्यात अर्थ नाही. मात्र रोह्याचा राग धुऱ्यावरच्या बाभळीवर निघायचं कारण नाही.

खरी अडचण चांगल्या कामातच दडलेली असते. गवताचा माळ बऱ्याच जणांना पडीक वाटतो. मग तिथे सलग समतल चर खणतात, रोपं लावतात, फोटो निघतात. पण टिटवी आणि धाविक उघड्या जमिनीवर अंडी घालतात, चंडोल गवताच्या बुडाशी; दाट झाडी त्यांच्या कामाची नाही. गवळाऊ ही इथली देखणी पांढरी गाय अशाच कुरणांवर पोसली, आणि आर्वी-कारंज्याकडच्या नंदगवळ्यांना माळ म्हणजे पडीक हे पटायचं नाही. पाण्याविना गाव जगत नाही हे खरंच. काकडदऱ्याला चर खणू नका असं कोण सांगेल? पण पाणी अडवणं वेगळं आणि माळावर झाडं लावणं वेगळं, आणि चर कोणत्या उतारावर घ्यायचा व कोणतं कुरण सोडायचं हे त्या कुरणात काय राहतं ते ठाऊक असल्याशिवाय ठरत नाही. २०१७ चं श्रमदान ८ एप्रिलला सुरू झालं होतं. फाल्गुनातली मोजणी तोवर हाताशी असते, ग्रामसभेत नकाशाशेजारी ठेवता येते.

त्या मोजणीत एक रकाना वाळक्या झाडांचाही असावा. नीलपंख स्वतः ढोली कोरत नाही. आयती सापडली तरच त्याचं घर होतं, आणि ढोली असते जुन्या, अर्धवट वठलेल्या झाडात. धुरा साफ करायला जेसीबी आला की पहिलं जातं तेच झाड, कारण त्याला ना सावली ना फळ. फाल्गुनात नीलपंखाचं जोडपं त्याच्याभोवती गिरक्या घेत असतं, तेवढ्यात त्या झाडाच्या बुंध्याला, ते राखायची खूण म्हणून, चुन्याचा पट्टा मारून ठेवता येतो.