घडीत दडलेलं बांधकाम

मासाहिरो चातानी हे तोक्यो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले वास्तुशास्त्राचे प्राध्यापक होते. १९८१च्या सुमारास त्यांनी एक नवाच खेळ मांडला. कागद एकच, त्याला ना डिंक, ना रंग. फक्त कटरने मोजून दिलेले छेद आणि मोजून घातलेल्या घड्या. कार्ड काटकोनात उघडलं की कोऱ्या पांढऱ्या कागदातून जिने, कमानी, खिडक्यांच्या रांगा वर येतात आणि बघता बघता इमारत उभी राहते. मिटलं की सगळं पुन्हा सपाट होऊन पाकिटात जातं. पुढे या प्रकाराला ‘ओरिगामिक आर्किटेक्चर’ असं नाव मिळालं आणि शुभेच्छापत्रं बनवणाऱ्या जगभरच्या हौशी मंडळींनी तो उचलला.

घडीच्या कार्डांच्या आणि पुस्तकांच्या दुनियेत अशी बांधकामवाली माणसं बरीच भेटतात. प्रागमधल्या आर्टिया प्रकाशनासाठी १९५०च्या दशकापासून उघडताच उभी राहणारी पुस्तकं करणारा व्होयतेख कुबाश्ता मुळात वास्तुशास्त्र शिकलेला. अलीकडे अमेरिकेत ‘लव्हपॉप’ ही कार्डांची कंपनी काढणारे दोघे मित्र जहाजबांधणीचे अभियंते. व्हिएतनाममध्ये त्यांनी कागद कापून केलेली उभी कार्डं पाहिली आणि त्यातून त्यांचा धंदा उभा राहिला. म्युनिकचा लोथार मेगेनडॉर्फर (१८४७–१९२५) हा मात्र चित्रकार. पण त्याच्याही हलत्या चित्रांच्या पुस्तकांत पानामागे डोकावलं, तर कागदी तरफा आणि तांब्याच्या तारेच्या चिमुकल्या गुंडाळ्यांच्या खिळ्या दिसतात. वाचकाने एक पट्टी ओढली की एकाच वेळी बाहुलीचे डोळे, हात आणि टोपी हलावी, ही सगळी करामत त्यांची.

म्हणून हाताने केलेलं कार्ड म्हटलं की चमकी, टिकल्या आणि चिकटवलेली फुलं डोळ्यांपुढे येणं हे खरं तर या कलेवर अन्यायच आहे. सजावट नंतरची. मुळात हे छोटं यंत्र आहे आणि ते चालवायला लागणारी ताकद कार्ड उघडणारे दोन हात पुरवतात.

छापील शुभेच्छापत्राचा इतिहास इथे फार कामाचा नाही. लंडनच्या हेन्री कोल यांनी १८४३ साली जॉन कॅलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून नाताळचं कार्ड करून घेतलं, त्याच्या सुमारे हजार प्रती छापल्या आणि एका शिलिंगला एक अशा विकल्या, एवढं सांगितलं की पुरे. ते कार्ड सपाट होतं. त्याच शतकातल्या व्हॅलेंटाइन कार्डांत मात्र गंमत होती. एका प्रकारात वरचा गोल कागद बारीक वर्तुळाकार छेदांनी कोरलेला असे. मधला दोरा हलकेच वर ओढला की कागदाचं कोळ्याचं जाळं वर उचललं जाई आणि खाली लपवलेलं चित्र दिसे.

आता यंत्र कसं चालतं ते पाहू. सगळ्यात सोपा नमुना म्हणजे पायरी. ए-फाइव्ह आकाराचा, म्हणजे ए-फोरचा निम्मा जाड कागद घ्यायचा आणि मधोमध दुमडायचा. दुमडल्यावर घडीपासून समोरच्या कडेपर्यंतचं अंतर साडेदहा सेंटिमीटर भरतं. घडीच्या बाजूने चार सेंटिमीटर लांबीचे दोन समांतर छेद द्यायचे. मधली पट्टी मागेपुढे दुमडून घडी पक्की करायची, कार्ड उघडायचं आणि पट्टी आतल्या बाजूला ढकलायची. कार्ड काटकोनात धरलं की चार सेंटिमीटर उंच आणि तेवढीच खोल पायरी तयार! तिच्या पुढच्या तोंडावर केक, घर, कंदील, काय हवं ते चिकटवता येतं.

पण छेद साडेपाच सेंटिमीटरचे दिले तर? कार्ड मिटल्यावर पायरीचा कोपरा घडीपासून छेदाच्या दुप्पट अंतरावर जातो, म्हणजे अकरा सेंटिमीटरवर. कार्डाची कड साडेदहावर संपते. मग मिटलेल्या कार्डातून अर्धा सेंटिमीटर कागद जीभ काढल्यासारखा बाहेर डोकावतो आणि आत काय आहे याची चहाडी उघडण्याआधीच होते. म्हणून सारख्या उंची-खोलीच्या पायरीसाठी नियम असा, की छेद अर्ध्या कार्डाच्या निम्म्याहून लहान हवा. उंची आणि खोली वेगवेगळी ठेवायची असेल तर दोहोंची बेरीज अर्ध्या कार्डात मावायला हवी. चातानींच्या इमारती कितीही गुंतागुंतीच्या दिसल्या तरी त्यांच्या मुळाशी हेच गणित आहे. समोरासमोरच्या बाजू सारख्या ठेवायच्या आणि पायरीवर पायरी चढवत न्यायची.

छेद एकच आणि घड्या तिरक्या घातल्या की चोच होते. घडीच्या मध्यावर काटकोनात चारेक सेंटिमीटरचा छेद द्यायचा, दोन्ही बाजूंचे त्रिकोण मागे दुमडायचे, मग कार्ड उघडून ते आत ढकलायचे. कार्ड उघडझाप केलं की चोचही उघडझाप करते. भोवती पोपट काढा, बेडूक काढा किंवा घोरणारे आजोबा काढा. लहान मुलांना कार्ड शिकवायचं तर सुरुवात इथूनच करावी. पाच मिनिटांत फळ मिळतं आणि बिघडलं तरी कागदच जातो.

बिघडतं ते बहुधा कागदामुळे. यंत्रावर तयार होणाऱ्या कागदात तंतू बहुतांशी एकाच दिशेने पडतात. त्या दिशेने घडी घातली तर ती सरळ, स्वच्छ बसते. आडवी घातली तर जाड कागद तडकतो आणि घडीवर पांढरी केसाळ रेघ उमटते. दिशा ओळखायला उपकरण लागत नाही. कागद न दुमडता दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहायचा. ज्या बाजूने तो कमी कुरकुर करतो, ती तंतूंची दिशा. हाताने उचललेल्या कागदात हा भेद फारसा जाणवत नाही. पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत असा कागद हाताळायला मिळतो. त्याचा पोत देखणा, पण बारीक कोरीवकामाला तो जरा मऊ पडतो. कोरायला स्टेशनरीच्या दुकानातलं दोनशे ते अडीचशे जीएसएमचं साधं कार्डशीट बरं.

घडी घालण्याआधी तिची रेघ दाबून घ्यावी लागते. लग्नपत्रिका छापणारे याला क्रीझिंग म्हणतात आणि त्यासाठी त्यांच्याकडे यंत्र असतं. घरी स्टीलची पट्टी आणि शाई संपलेलं बॉलपेन पुरतं. डिंकाचं मात्र जपून. पांढऱ्या फेव्हिकॉलमध्ये पाणी असतं. जास्त लावला तर कागद फुगून लाटा येतात आणि आतली यंत्रणा अडकते. दुहेरी चिकटपट्टी सोयीची, फक्त तिला दुसरी संधी नसते.

घडीचे सगळेच प्रकार उभे राहणारे नसतात. १९३९ साली आर्थर स्टोन हा इंग्रज विद्यार्थी प्रिन्स्टनला शिकत होता. अमेरिकन कागद त्याच्या इंग्लंडहून आणलेल्या बाइंडरपेक्षा रुंद, म्हणून तो कडेची सुमारे इंचभर पट्टी कापून टाकी. त्या पट्ट्यांशी चाळा करताना समभुज त्रिकोणांत दुमडलेला एक षटकोन त्याच्या हाती आला. चिमटीत धरून मधून उमलवला की त्याचा नवाच चेहरा समोर येई आणि आधीचा आत दडे. ब्रायंट टकरमन, जॉन ट्युकी आणि पुढे नोबेल मिळवणारा रिचर्ड फाइनमन हे त्याचे मित्र या खेळात सामील झाले. १९५६च्या डिसेंबरमध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये या फ्लेक्सागॉनवर लिहिलं आणि तो घरोघरी पोचला.

त्याचंच चुलत भावंड म्हणजे आजचं ‘न संपणारं कार्ड’. बारा बाय सहा सेंटिमीटरच्या चार पट्ट्या घ्यायच्या. प्रत्येकीवर दोन्ही टोकांपासून तीन सेंटिमीटरवर घडीची रेघ दाबायची. दोन पट्ट्या उभ्या, शेजारीशेजारी ठेवायच्या आणि त्यांवर दोन आडव्या. डिंक फक्त चार कोपऱ्यांतल्या तीन बाय तीनच्या चौकटींना. बाकी कुठे थेंब सांडला तर कार्ड कायमचं गप्प. नीट जमलं तर मधून उघडत गेलं की एकामागून एक चार चित्रं येतात आणि पुन्हा पहिलं. बाळाचे चार वाढदिवस किंवा एकाच झाडाचे चार ऋतू यात छान बसतात.

घड्यांची ही विद्या कार्डापुरती राहिलेली नाही. कोर्यो मिउरा या जपानी शास्त्रज्ञाची समांतरभुज चौकोनांची घडी अशी आहे, की समोरासमोरचे दोन कोपरे ओढताच अख्खा कागद उघडतो. नकाशे तसे घडी करतात आणि १९९५ साली ‘स्पेस फ्लायर युनिट’ या जपानी यानावर सौर पॅनेल उलगडण्यासाठीही तीच वापरली गेली. मराठी वाचकांना ओरिगामीची गोडी लावणाऱ्यांत अनिल अवचटांचं नाव घ्यायलाच हवं. हातात कागद आला की त्यांची बोटं चालू होत. गणपतीच्या मखरात लटकणारे पातळ कागदाचे फुलणारे गोळेही याच कुळातले. एकावर एक कागद, डिंकाचे पट्टे आळीपाळीने सरकवून लावलेले. मिटले की चपटी अर्धचकती, उघडले की गोळा. त्याचा अर्धा भाग कापून कार्डाच्या घडीवर चिकटवला की फुगा, डाळिंब, आकाशकंदील, काहीही फुलतं.

शेवटचा अडथळा टपालाचा. आत थरावर थर चढवलेलं कार्ड जाड होतं आणि पाकिटावर बसणारा शिक्का नेमका नाजूक जागी आदळतो. मागेपुढे पातळ पुठ्ठा घालणं बरं. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी तिथल्या तिथे पाठवायचं असेल तर चौरस पाकिटाला जादा पैसे पडतात, कारण तिथल्या टपालयंत्रांना चौरस पत्र नीट हाताळता येत नाही. आणि पाकिटातून काढताच टुणकन उडी मारून घन होणारं रबरबँडचं कार्ड करायचं असेल तर ते महिनाभर आधी करून ठेवू नये. ताणलेलं रबर सैल पडतं. ते वाढदिवसाच्या आदल्या रात्री करावं आणि हातोहात द्यावं.