एल्फिन्स्टनची कायदेसंहिता

नव्या राजवटीने जुने कायदे कोणत्या हेतूने गाळले आणि कोणत्या हेतूने राखले, हे तपासण्यास मुंबई इलाख्यातील १८२७ च्या कायदेसंहितेइतके बोधप्रद उदाहरण आपल्याकडे दुसरे नाही. या इलाख्यात गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या अमदानीत, १७९९ पासून, कंपनी सरकार कायद्यामागून कायदे करीत आले होते. एकाने दुसऱ्यात दुरुस्ती करावी, तिसऱ्याने त्यातला भाग रद्दबातल ठरवावा, आणि अखेर दिवाणी कज्जा घेऊन अदालतीत उभ्या राहणाऱ्या गरीब रयतेस आपल्यावर कोणता हुकूम चालतो हेच कळू नये, अशी त्यांची अवस्था झाली होती. त्यातच १८१८ मध्ये पेशवाईचा मुलूख हाती आला.

१८१९ मध्ये गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन पुण्यास रेसिडेंट व पुढे दख्खनचा कमिशनर राहिलेला असल्यामुळे, केवळ कागद जुळवून कायद्यांच्या शोधनाचे हे काम भागणार नाही हे तो जाणून होता. त्याने नेमलेल्या समितीत फारसीचा व्यासंगी विल्यम अर्स्किन होता. याच शोधनासाठी झटलेल्या स्टीफन बॅबिंग्टनचा पुतळा मुंबईच्या टाउन हॉलात उभारण्यात आला. दुसरीकडे आर्थर स्टील याच्याकडे दख्खनमधील जातींचे आचार आणि वहिवाटी संकलित करण्याचे काम सोपविण्यात आले, आणि त्याने शास्त्री व जातींचे प्रमुख यांच्याकडून मिळविलेल्या माहितीचा ग्रंथ तयार केला. राज्यकर्त्याने प्रजेचा रिवाज प्रजेलाच विचारावा, ही गोष्ट त्या काळी सामान्य नव्हती, आणि तिचे श्रेय एल्फिन्स्टनला मोकळ्या मनाने दिले पाहिजे.

त्या चौकशीमागील दृष्टी संहितेतही उमटली आहे. चौथ्या कायद्याच्या २६ व्या कलमाने न्यायाधीशास पायऱ्या आखून दिल्या: प्रथम पार्लमेंटचे व सरकारचे कायदे, ते नसतील तेथे देशातील वहिवाट, तीही नसेल तेथे प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा, आणि सर्वांच्या अभावी न्याय, समता व सद्‌विवेक. शास्त्रवचनाच्या आधी वहिवाटीला दिलेले हे स्थान मला या संहितेतील सर्वांत शहाणपणाची तरतूद वाटते. चौदाव्या कायद्याने फौजदारी अपराध व शिक्षा एकत्र मांडल्या. पूर्वी हिंदूला हिंदू व मुसलमानाला मुसलमानी फौजदारी कायदा लागू होई. तो भेद मोडून सर्वांस एकच दंडविधान आले, तेही मेकॉलेच्या दंडसंहितेच्या मसुद्याच्या दहा वर्षे आधी, आणि १ जानेवारी १८६२ रोजी भारतीय दंडसंहिता अमलात येईपर्यंत कंपनीच्या काळापासूनच्या फौजदारी अदालतींचा तोच आधार राहिला. एकोणतिसाव्या कायद्याने दख्खन व खानदेश या व्यवस्थेखाली आणले गेले.

परंतु याच संहितेत पंचविसावा कायदाही होता. राज्याच्या कारणासाठी कोणाही व्यक्तीस खटल्यावाचून कैदेत ठेवण्याचा अधिकार त्याने सरकारास दिला, आणि इतरत्र पायरीपायरीने न्याय आखणाऱ्या लेखणीने येथे मात्र न्यायाधीशाला पूर्णपणे बाजूस सारले. १८९७ मध्ये प्लेग अधिकारी रँडच्या वधानंतर पुण्याच्या नातू बंधूंना याच कायद्याखाली चौकशीवाचून अटकेत टाकून त्यांच्या मिळकतीवर जप्ती आणली गेली. आणि ५ मे १९३० रोजी मध्यरात्रीनंतर दांडीजवळच्या कराडी येथे महात्मा गांधींना पकडून येरवड्यास नेले, तेही याच शंभर वर्षांहून जुन्या हुकुमाच्या बळावर. दरम्यान संहितेचे बहुतेक भाग नव्या कायद्यांनी गिळले होते. महसुलाचे नियम १८७९ च्या जमीन महसूल कायद्यात आले, दंडविधान गेले, दिवाणी कामाची रीत बदलली. प्रत्येक शोधनाच्या वेळी हा पंचविसावा कायदा मात्र तसाच राहू दिला गेला, आणि सत्तेला तो सोयीचा होता याखेरीज त्याचे दुसरे कारण मला दिसत नाही. संहितेची मांडणी कितीही स्वच्छ असली, तरी हा दोष तिच्या माथी कायम राहील.

याच संहितेतील १८२७ चा आठवा कायदा, मृताच्या वारसास न्यायालयाकडून औपचारिक मान्यता मिळवून देणारा, मात्र महाराष्ट्रात आजही लागू आहे, आणि वारस दाखल्यासाठी होणारे अर्ज येथील दिवाणी न्यायालयांत अजूनही त्याच्याच आधारे चालतात.